वाटणीत उरलेला गडी

गिरणीच्या दप्तरी मी टाइम ऑफिसातला कारकून होतो. फाटकाशी बसून कामगार कधी आत आला आणि कधी बाहेर पडला हे पाहायचं, एवढंच माझं काम. पण ते काम माझ्या शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ करायचा आणि अधूनमधून माझ्या नावाने बोटं मोडायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. मी बहुधा जागेवर नसेच. कधी पेणला, कधी कल्याणला, कुठल्या तरी मैदानाच्या कडेला चणे खात उभा असायचो. गिरणीच्या फुटबॉल संघासाठी गडी हेरायचे, हा माझा खरा धंदा. माझ्या बायकोला तो शेवटपर्यंत पटला नाही. आळीतल्या बायकांना ती सांगायची, "आमचे हे पोरांच्या तंगड्या बघायला जातात."

हल्लीच्या वाचकाला हे जरा समजावून सांगायला हवं. पन्नास सालाच्या आगेमागे मुंबईतल्या गिरण्या, गोदी, बँका, सगळ्यांचे फुटबॉलचे संघ असत. मुंबईत हा खेळ पावसाळ्यात चालतो, घोट्याएवढ्या चिखलात. जो चांगला खेळे त्याला गिरणी नोकरी देई. पावसाळ्याचे चार महिने त्याने मैदानावर घाम गाळायचा आणि बाकीचं वर्ष खात्यात उभं राहून काम करायचं. पुढे गुडघा गेला, पोट सुटलं, तरी नोकरी राहायची. आमच्या पनवेलच्या पोरासाठी ही चैन नव्हती. "अमका गिरणीत लागला" म्हटलं की त्याच्या बहिणींची लग्नं जमायची आणि आईची चूल बिनघोर पेटायची.

आधी या पोरांची नुसती पळवापळवी चाले. एक सेंटर फॉरवर्ड तर सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत हजेरी लावताना सापडला. दोन्हीकडे त्याचं कौतुकच होत होतं. त्यानंतर आठ संघांचे सेक्रेटरी एकत्र बसले आणि त्यांनी एक पद्धत ठरवली. मे महिन्यातल्या एका रविवारी एका जिमखान्याच्या मागल्या व्हरांड्यात सगळ्यांनी जमायचं. गेल्या वर्षी जो संघ तळाला, त्याने पहिलं नाव घ्यायचं, आणि जो पहिला आला त्याने शेवटचं. नोकरीची जागा दर वर्षी एकेकच, म्हणून फेरीही एकच. एकाने नाव घेतलं की तो गडी त्याचा, बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहायचंही नाही. आणि ज्याचं नाव कुणीच घेतलं नाही, त्याला पुढच्या मेपर्यंत कुठल्याही संघाने मागल्या दाराने आत घ्यायचं नाही. या सगळ्याला आम्ही वाटणी म्हणायचो. वाटणी म्हटली की भावाभावांतली आठवते, आणि तीत कुणाचं तरी नुकसान व्हायचंच. आमच्या वाटणीत ते पोरांचं व्हायचं.

वाटणीचा आणखी एक नियम होता. तिथे कुठल्याही गड्याबद्दल बरं-वाईट बोलायचं नाही. आपली पाळी आली की नाव घ्यायचं आणि गप्प बसायचं. नियम चांगला होता, पण त्यातून एक विचित्र गोष्ट घडायची. बोलणं बंद झालं की माणसं एकमेकांच्या गप्प बसण्याचे अर्थ लावू लागतात. एका वर्षी कल्याणचा एक हाफबॅक व्हरांड्याबाहेर बाकावर बसला होता. उसाचा रस पिताना त्याला ठसका लागला आणि तो चांगला लांबलचक खोकला. आत सगळ्यांनी ऐकलं. गिरणीच्या माणसांना क्षयाची केवढी धास्ती! एकाने त्याचं नाव टाळलं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. घरंगळत घरंगळत तो आमच्यापर्यंत आला. मी आमच्या संघाचे सेक्रेटरी देसाईसाहेब यांच्या कानाला लागलो, "रस नाकात गेला त्याच्या, मी पाहिलंय." साहेबांनी त्याला उचललं. पुढे वर्षानुवर्षं त्याने आमच्या संघाची मधली फळी एकट्याने सांभाळली आणि तेवढ्या वर्षांत तो एकदाही आजारी पडला नाही. ही गोष्ट मी लोकांना हजारदा ऐकवली आहे. लोक हसतात, मीही हसतो. रूबेनची गोष्ट मात्र मी आजवर कुणाला पुरती सांगितलेली नाही.

रूबेन वावेकर आमच्या पनवेलचाच, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. या मंडळींची घरं पनवेलात पिढ्यान् पिढ्यांची, भाषा आपलीच, फक्त शनिवार त्यांचा पाळायचा वार. रूबेनचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते, ते लवकर गेले. थोरला भाऊ इस्रायल देश झाल्यावर विमानाने तिकडे निघून गेला. मागे राहिले रूबेन आणि त्याची आई, मिलकाबाई. रूबेन वडिलांच्याच दवाखान्यात बदली कंपाउंडर म्हणून जायचा, म्हणजे कायमचा माणूस रजेवर गेला तर. वीस-बावीस वर्षांचं वय, सडसडीत अंग, आणि देवाने डावा पाय असा दिला होता की पाहत राहावं.

सुकापूरच्या बाजूला तेव्हा नुसती भातशेती होती. कापणी झाली की पनवेलची पोरं त्या शेतात चेंडू घेऊन जायची. भाताची खुंटं पायाला टोचायची आणि चेंडू त्यांवर आपटून भलतीकडेच उडायचा. बाकीची पोरं चेंडूमागे धावायची. रूबेन धावायचा नाही. चेंडू उडून कुठे पडणार ते त्याला आधी कळायचं आणि तो तिथे जाऊन उभा असायचा. मी इतकी वर्षं गडी हेरले, पण ही नजर दुसऱ्या कुणात पाहिली नाही. शनिवारी तो खेळतो यावर त्यांच्या आळीतली म्हातारी माणसं कुरकुर करायची. मिलकाबाई त्यांना सांगायच्या, "शनवारी काम करायचं नसतं. चेंडवाला लाथ मारनं काय काम हाय?" त्यांचं माहेर खाडीकडच्या गावातलं, बोली तिकडचीच राहिली होती.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत नव्या पोरांचे सामने झाले. आठही सेक्रेटरी खुर्च्या टाकून बसले होते. रूबेन डावीकडून सुटला की समोरचा बॅक नुसता गोल गोल फिरायचा. सामना संपल्यावर एक सेक्रेटरी मला म्हणाले, "गुप्ते, तुमच्या गावचं रत्न पहिल्या झटक्यात जाणार बघा." मला अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं. आम्ही गेल्या वर्षीचे विजेते, म्हणजे आमची पाळी शेवटची. रूबेन आमच्या हाती लागायची शक्यता नव्हती.

मिलकाबाईंनी मला घरी बोलावून विचारलं, "भाऊ, लागंल ना त्याला नोकरी? थोरला सारखा सांगून धाडतो, या म्हनून. माजा जीव नाय होत. ह्यांची कबर हितं हाय, मी तिकडं जाऊन काय करू? रूबेनला नोकरी लागली का आमी कुटं जानार नाय." मी म्हटलं, "मिलकाबाई, त्याला नोकरी लागणार नाही तर कुणाला? कुठली गिरणी, एवढंच बघायचं." हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो नव्हतो. माझी खात्रीच होती.

वाटणीच्या दिवशी उकाडा मरणाचा होता. मी आमच्या देसाईसाहेबांच्या मागे, खांबाशी उभा. तळाच्या संघाच्या सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि नाव घेतलं ते ठाण्याच्या एका गोलकीपरचं. व्हरांड्यात जराशी चुळबुळ झाली. दुसऱ्यांनी पहिल्यांकडे पाहिलं, हातातली पेन्सिल दोनदा टेबलावर आपटली आणि कुणा सेंटर हाफचं नाव घेतलं. तिसऱ्यांनी रूबेनचं नाव घेतलं नाही. चौथ्यांनीही नाही. खरं सांगतो, तोवर मी आतून सुखावलो होतो. म्हटलं, असाच खाली येऊ दे, आपल्यापर्यंत येऊ दे. कल्याणच्या पोरासारखा हाही आपल्या झोळीत पडू दे.

चार नावं झाली की चहा यायचा. बोलायची बंदी टेबलापुरती होती, चहाला ती लागू नव्हती. मी बशीत चहा ओतत होतो तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "तो पनवेलचा लेफ्ट विंगर अजून कसा राहिला?" मग दुसरा आवाज आला, "त्याचा भाऊ इस्रायलला गेलाय ना? हाही जाणार असेल." तिसरा म्हणाला, "तरीच." मी वळून पाहिलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम बरं वाटल्यासारखं दिसत होतं. इतका वेळ त्यांना कारण सापडत नव्हतं, ते सापडलं. मी बोलायला तोंड उघडलं, "अहो, तसं काही नाही, मी त्यांच्या गावचाच..." पण मी पडलो साहेबांमागे उभा राहणारा माणूस. कप खाली ठेवले गेले आणि सगळे टेबलाशी परतले.

पाचव्यांनी, सहाव्यांनी आणि सातव्यांनी दुसरीच नावं घेतली. आता आमची पाळी. रूबेन तसाच शिल्लक होता. मी वाकून म्हटलं, "साहेब, रूबेन."

"दिसतंय मला," देसाईसाहेब पुटपुटले.

"मग घ्या ना."

"गुप्ते, हे सात जण खुळे आहेत का?"

"त्यांना काही माहीत नाही, साहेब. मी पनवेलचा. त्याची आई गाव सोडायला तयार नाही. तो या नोकरीसाठीच थांबलाय."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. माणूस वाईट नव्हता, खेळ कळणारा होता. पण ते म्हणाले, "आणि सहा महिन्यांत गेला तर? मॅनेजर मला विचारतील, देसाई, सगळ्यांनी टाकलेला माणूस तुम्हीच तेवढा कसा उचललात? काय सांगू मी?"

"त्याचा खेळ सांगा."

"खेळ सगळ्यांनीच पाहिलाय, गुप्ते. तेच तर म्हणतोय मी."

आणि त्यांनी ठाण्याच्या एका उंच बॅकचं नाव घेतलं. पोरगा भला होता. चिखलात एकदा उभा राहिला की तिथेच उभा राहायचा. सगळ्यांनी केलेली चूक आपण केली तर कुणी जाब विचारत नाही, हे आमच्या धंद्यातलं खरं शहाणपण. घेतलेला गडी फुकट गेला तर सेक्रेटरीची बदनामी होते, आणि सोडलेला गडी सोन्याचा निघाला तर ते कुणाला कळतही नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढच्याला ठेच लागलीच नव्हती, तरी मागचे सातही जण शहाणे झाले.

एस.टी.ने पनवेलला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घरी न जाता तडक रूबेनच्या आळीत गेलो. लांबूनच दिसलं की त्यांच्या दारात चपलाच चपला आहेत. आत पाट-सतरंज्या मांडलेल्या, टोप्या घातलेली पुरुषमाणसं बसलेली. मधोमध मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर वेलदोड्याची पूड, आणि भोवती फळं रचलेली. तो मलिदा होता. नवस फेडायचा असला की हे लोक एलियाहू पैगंबराच्या नावाने प्रार्थना म्हणतात आणि मलिदा वाटतात. मिलकाबाईंनी नोकरीसाठी नवस बोलला होता. नवस पुरा झाल्याची बातमी यायच्या आधीच त्यांनी पोहे भिजवले होते, कारण मीच त्यांना खात्री दिली होती.

रूबेन उंबऱ्यापर्यंत आला. माझं तोंड पाहून त्याला कळलं असणार. तरी त्याने विचारलं, "कुठली गिरणी, काका?"

"कुणीच नाही रे," मी म्हटलं.

"तुमच्या गिरणीनेही नाही?"

मी मान हलवली. त्याने मला आधी आत जायला वाट दिली, पाहुण्याला देतात तशी. ते मला फार लागलं.

मिलकाबाई आतून पदराला हात पुशीत आल्या. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, तुमी व्हता ना तितं?"

"होतो."

"मंग?"

बसलेल्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "आता या मलिद्याचं काय करायचं? नवस तर पुरा झाला नाही." मिलकाबाई ताटाकडे पाहत उभ्या राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "परवासाला निगताना पन मलिदा करतात ना? मंग तसाच करा. आमी निगतो."

रूबेन म्हणाला, "आई, असं काय बोलतेस?"

"काय चुकलं? तुला हितं कोनी ठेवून घेतला नाय. थोरला तरी घेईल."

प्रार्थना झाली. जी घर राखावं म्हणून व्हायची होती ती घर सोडण्यासाठी झाली, आणि शब्द तेच होते. मिलकाबाईंनी माझ्याही तळहातावर मलिदा ठेवला. मी तो खाल्ला. मला रडू आलं, आणि त्या भरल्या घरात मी ते लपवू शकलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी रूबेनच्या मागे लागलो. एक वर्ष थांब म्हणून हात जोडले. तो माझी समजूत काढत म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी तरी का घेतील? म्हणतील, गेल्या वर्षी आठांपैकी एकानेही घेतला नव्हता, काहीतरी असणारच." इतक्या नेमकेपणाने आमचा धंदा मलाही कुणाला सांगता आला नसता. त्या पावसाळ्यात तो एकही सामना खेळला नाही. दवाखान्यातला कायमचा माणूस रजेवर गेला नाही, म्हणून तिथलंही काम नव्हतं. नारळीपौर्णिमेनंतर दोघं निघाली. जायच्या आदल्या दिवशी मिलकाबाई आल्या आणि म्हणाल्या, "पावसात कबरीवर गवत माजतं. तेवडं बगाल?" मी हो म्हटलं. दर वर्षी पाऊस सरला की एक माणूस घेऊन जातो आणि ते काढतो. त्यांच्यासाठी माझ्याकडून तेवढंच झालं.

त्याच पावसाळ्यात एका सामन्याच्या वेळी तळाच्या संघाचे ते सेक्रेटरी माझ्या शेजारी छत्री धरून उभे होते. पहिलं नाव घ्यायची पाळी ज्यांची होती, तेच. मी न राहवून विचारलं, "साहेब, तुम्ही रूबेनला का सोडलंत?"

ते चकित झाले. म्हणाले, "सोडलं कुठे? आमच्याकडे लेफ्ट विंगर होता. गोलकीपर नव्हता, म्हणून गोलकीपर घेतला. मला वाटलं, तुमचा पोरगा दुसऱ्या नंबरला जाईल."

"बाकीच्यांना वाटलं, तुम्हाला त्याचं काहीतरी कळलंय."

"मला? मला काय कळणार?" ते म्हणाले, आणि पुढे खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, "का, काही होतं का?"

मी माझी छत्री मिटून पावसात चालत सुटलो. माझा संताप झाला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. शोधायला गेलं तर दुष्ट माणूस एकही नव्हता. कुणी रूबेनचं वाईट चिंतलं नव्हतं. एकाला गोलकीपर हवा होता, दुसरा बिचकला, उरलेल्यांनी चहा पिता पिता कारण शोधून काढलं. तेवढ्यावर एका बाईचा देश सुटला आणि तसा डावा पाय आम्हाला पुन्हा दिसला नाही. तिकडे तो कुठल्याशा वाळवंटी गावात रस्त्याच्या कामावर लागला, असं कानावर आलं. तिथे तो खेळला की नाही ते मला माहीत नाही.

पुढच्या मेमध्ये पुन्हा तो व्हरांडा, तेच टेबल. त्या वर्षी पेणचा एक मुलगा होता, इनसाइड राइट. खेळ समजून खेळणारा, अंगाने थोडा किरकोळ. तोही बेने इस्राएल होता. त्याच्या घरातलं कुणीही कुठे गेलेलं नव्हतं. सहा नावं झाली, सात झाली, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. आमच्या संघाची पाळी त्याही वर्षी शेवटची होती. मी देसाईसाहेबांच्या कानाशी वाकलो आणि त्या मुलाचं नाव सांगितलं.

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात खोडसाळपणा नव्हता, उलट मला जपल्यासारखं ते बोलले. "गुप्ते, तुमचा तो रूबेन आठवतो ना? मी काय म्हटलं होतं? हाही जाणार."

शेजारच्या दोघांनी माना डोलावल्या. एक जण नियम विसरून म्हणाला, "वाचलात देसाई तुम्ही गेल्या वर्षी."

"साहेब, आपण घेतलं नाही म्हणून गेला तो," मी म्हटलं. या वेळी मी कानात बोललो नाही. सगळ्यांना ऐकू गेलं.

"ते असेल," साहेब शांतपणे म्हणाले. "पण गेला की नाही, एवढं सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"गेला," मी म्हणालो.